कार्बनचा बाण कापण्याआधी

कार्बनचे नवे शाफ्ट (बाणाच्या दांड्या) हातात आले की बहुतेकांचे पहिले काम ठरलेले असते: आपल्या मापाने ते कापून घेणे. पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्याने नेमके हेच सगळ्यात शेवटी करायचे असते. टोक बदलता येते, नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण लावायची जागा, वर-खाली सरकवता येतो, दोरीला पीळ देऊन ब्रेस हाइट, म्हणजे मूठ आणि दोरी यांतले अंतर, वाढवता येते. कापलेला इंच मात्र परत येत नाही, आणि बाण धनुष्याशी जुळणार की नाही हे ठरवण्यात त्या इंचाचा वाटा फार मोठा असतो.

पारंपरिक धनुष्य म्हणजे इथे मी लाँगबो, फ्लॅटबो किंवा लाकडी मुठीचा साधा रिकर्व्ह धरतो आहे. नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही, बाण थेट मुठीवरच्या शेल्फवर, म्हणजे मुठीत कापलेल्या कट्ट्यावर, टेकलेला आणि दोरी तीन बोटांनी ओढलेली. साताऱ्याचा प्रवीण जाधव ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारच्या रिकर्व्हने खेळला, त्यात बाणाच्या बाजूला स्प्रिंगचे प्लंजर बटण असते. ती स्प्रिंग कमी-जास्त कडक करून बाणाचे वागणे बदलता येते. लिंबच्या (धनुष्याच्या पात्याच्या) बोल्टने धनुष्याचा जोरही थोडा हलवता येतो. २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते ठरलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडने, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याने, खेळतात. त्या धनुष्याची रेस्ट (बाण टेकायची जागा) सरकते आणि दोरी बोटांऐवजी रिलीजच्या यंत्राने सुटते. आपल्या साध्या धनुष्यात यातले काहीच नाही. ते जसे आहे तसे राहणार, म्हणून सगळी जुळवाजुळव बाणात करावी लागते.

सरळ जाण्यासाठी बाण वाकतो

दोरी न ओढता बाण शेल्फवर ठेवा आणि मागून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो आणि त्याचे टोक किंचित डावीकडे रोखलेले दिसते, कारण मध्ये मुठीची जाडी आहे. दोरी सुटल्यावर धावते ती धनुष्याच्या मध्यावर. या हिशेबाने प्रत्येक बाण डावीकडे जायला हवा. जुळलेला बाण तसा जात नाही, तो सरळ जातो. धनुर्धारी हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवत होते, पण नेमके काय घडते ते डोळ्यांना दिसण्यासाठी वेगवान कॅमेरा यावा लागला. अमेरिकेत १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी सुटत्या बाणाचे तसे चित्रण केले. पुढे १९४३ साली पॉल क्लॉपस्टेग यांनी धनुष्यबाणाच्या भौतिकशास्त्रावर एक सविस्तर लेख लिहिला.

घडते ते असे. बोटे कितीही स्वच्छ उघडली तरी दोरी सरळ रेषेत पुढे जात नाही. ती बोटांच्या टोकांवरून घसरताना आधी डावीकडे सरकते आणि मग मध्याकडे येते. त्याच क्षणी दोरीचा सगळा जोर बाणाच्या शेपटीवर आलेला असतो, पुढचे टोक मात्र आपल्या वजनामुळे लगेच हलायला तयार नसते. मागून रेटा आणि पुढून अडवणूक, यात शाफ्ट वाकतो. आधी त्याचा मधला भाग धनुष्याकडे वाकतो, मग उलटून धनुष्यापासून दूर जातो, मग पुन्हा धनुष्याकडे येतो. या तिसऱ्या बाकाच्या वेळी शेपूट मुठीशेजारून जात असते आणि बाकामुळेच ती बाहेर झुकलेली असते. म्हणून बाण मुठीला वळसा घालून पिसे न घासता निसटतो. दोरीवरचा बाणाचा सगळा प्रवास सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागात संपतो, आणि हे सारे तेवढ्यातच होते.

म्हणजे शाफ्ट वाकणे हा दोष नाही. तो योग्य तेवढा आणि योग्य वेळी वाकायला हवा. गरजेपेक्षा कडक शाफ्ट पुरेसा वळसा घेत नाही, मुठीवर रेटला जातो आणि डावीकडे जातो. गरजेपेक्षा नरम शाफ्ट जास्तच वाकतो आणि उजवीकडे जातो. डावखुऱ्याने या दोन्ही दिशा उलट धराव्यात. पुढे मी सगळीकडे उजव्या हाताचाच हिशेब देतो आहे.

आता कडक आणि नरम कशाने ठरते ते बघू. एक प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ३० सेंटिमीटरची पट्टी पटकन बाक घेते, १५ सेंटिमीटरची तेवढ्याच दाबाला दाद देत नाही. बाणाचेही तेच. लांब शाफ्ट नरम वागतो, तोच शाफ्ट कापला की कडक वागतो. हाताचा दाब वाढवला की पट्टी जास्त वाकते, तसा जोरदार धनुष्यावर तोच शाफ्ट नरम ठरतो. पट्टीचे खालचे टोक टेबलामुळे जागचे हलत नाही. बाणात ते काम पुढच्या टोकाचे वजन करते. टोक जितके जड, तितका शाफ्ट जास्त वाकतो.

यात पारंपरिक धनुष्याची आणखी एक भर असते. मुठीवरचा शेल्फ किती खोल कापला आहे? अनेक रिकर्व्ह मध्यरेषेच्या थोडे पलीकडेपर्यंत कापलेले असतात. तिथे बाणाला वळसा घ्यावा लागतो तो थोडा, म्हणून जरा कडक शाफ्टही चालतो. जुन्या वळणाचा लाँगबो मध्यरेषेच्या अलीकडेच थांबतो. तिथे वळसा मोठा, म्हणून शाफ्ट नरम लागतो. आपल्याकडच्या भिल्लांच्या बांबूच्या तिरकामठ्याला तर शेल्फ नसतोच, बाण हातावरून जातो. एकाच ४० पौंडांच्या, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, या तीन धनुष्यांना तीन वेगळे बाण लागतील. ‘४० पौंडांना कोणता शाफ्ट?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये असे मला वाटते.

शाफ्टवरचा आकडा

कार्बन शाफ्टवर ४००, ५००, ६००, ७०० असे आकडे छापलेले असतात. हा त्याचा स्पाइन. शाफ्ट २८ इंचांवरच्या दोन आधारांवर आडवा ठेवतात आणि बरोबर मध्यावर १.९४ पौंडांचे, म्हणजे ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. शाफ्ट इंचाच्या जितक्या हजाराव्या भागांनी खाली झुकेल तो त्याचा आकडा. अर्धा इंच झुकला तर ५००. म्हणजे आकडा मोठा तितका शाफ्ट नरम. नवशिक्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

लाकडी बाणाची पद्धत वेगळी आहे. तिथे आधार २६ इंचांवर असतात, वजन २ पौंडांचे असते, आणि २६ ला झुकावाच्या इंचांनी भागून उत्तर पौंडांत सांगतात. दोन पद्धतींची सांगड घातली तर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. कार्बनच्या झुकावाला साधारण ०.८२५ ने गुणले की लाकडी पद्धतीतला झुकाव मिळतो. ६०० चा शाफ्ट ०.६ इंच झुकतो, गुणाकार येतो ०.४९५, आणि २६ ला त्याने भागले की मिळतात सुमारे ५२ पौंड. याच हिशेबाने ५०० चा शाफ्ट ६३ पौंडांचा निघतो. ४० पौंडांच्या लाँगबोवर ५०० चा शाफ्ट आखूड कापून लावणारे पुष्कळ दिसतात. त्यांचे बाण सतत डावीकडे का जातात याचे उत्तर या भागाकारात आहे.

अशी निवड होते कारण दुकानांतले तक्ते बरेचदा कंपाउंडचा विचार करून बनवलेले असतात. तिथे बाण जवळजवळ मध्यरेषेतूनच सुटतो आणि बोटांचा घसरा नसतो, म्हणून कडक शाफ्ट चालून जातो. तक्ता घ्यायचाच तर लाँगबो किंवा पारंपरिक रिकर्व्ह असे स्वतंत्र रकाने असलेला घ्या, आणि त्यालाही सुरुवातच माना.

लाकडी बाण बनवणाऱ्यांचा एक जुना ढोबळ नियम इथे उपयोगी पडतो. मोजणी २८ इंचांचा बाण आणि १२५ ग्रेनचे टोक (एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम) धरून सुरू होते. २८ च्या वर प्रत्येक इंचाला ५ पौंड वजा करायचे, टोकाच्या प्रत्येक जादा २५ ग्रेनला ३ ते ५ पौंड वजा करायचे. ६०० चा शाफ्ट ३० इंच ठेवून १२५ चे टोक लावले तर ५२ मधून १० गेले, उरले ४२. मध्यापर्यंत कापलेल्या, हातात ३८ ते ४० पौंड येणाऱ्या धनुष्यासाठी हा शाफ्ट सुरुवात करायला योग्य आहे.

‘हातात येणारे’ पौंड मी मुद्दाम म्हणतो. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ड्रॉचा, म्हणजे दोरी तेवढी ओढल्यावरचा, असतो, आणि हे २८ इंच मुठीच्या सर्वात खोल भागापासून दोरीपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवून मोजतात. तुमचा खरा ड्रॉ २७ असेल तर ४० पौंडांच्या धनुष्यातून तुम्हाला ३७-३८ पौंडच मिळतात, कारण एका इंचाला साधारण अडीच-तीन पौंडांचा फरक पडतो. एखाद्या मित्राला बाजूला उभे करा, पूर्ण ओढल्यावर मुठीपाशी शाफ्टवर खूण करायला सांगा. मग सामान मोजायच्या हुकाच्या काट्याने दोरी त्या खुणेपर्यंत ओढून वजन बघा. हे घरच्या घरी होते आणि त्यानंतरचे सगळे आकडे खरे ठरतात.

दोरीचाही विचार करावा लागतो. जुन्या पद्धतीची डॅक्रॉनची दोरी ताणते आणि थोडा जोर स्वतःच गिळते. डायनिमासारख्या न ताणणाऱ्या धाग्याची दोरी तो जोर बाणाला देते, म्हणून तिच्यासोबत शाफ्ट थोडा कडक लागतो. पण बनवणाऱ्याने टोके मजबूत केली आहेत याची खात्री नसेल तर जुन्या धनुष्याला अशी दोरी लावू नका. तिच्या झटक्याने टोके फुटू शकतात.

पिसे नसलेला बाण

पिसे बाणाला सावरतात. शाफ्ट चुकीचा असला तरी पिसे त्याला काही अंतरात सरळ करतात, आणि त्यामुळेच चूक लपते. ती उघडी पाडायची असेल तर दोन बाणांची पिसे काढून टाकायची, किंवा ती लावायचीच नाहीत. हा बेअर शाफ्ट खोटे बोलत नाही असे सगळे सांगतात. तो कधी कधी बोलतो, त्याकडे येतोच.

तयारी अशी करा. एकाच जातीचे पाच-सहा शाफ्ट पूर्ण लांबीचे ठेवा. तीन-चारांना पिसे लावा, दोन बिनपिसांचे ठेवा. तीन पिसांचे वजन ९ ग्रेनच्या आसपास असते. बिनपिसांच्या शेपटीला तेवढ्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळली तर तुलना बरोबरीची होते. टोके स्क्रूची घ्या, १०० पासून २०० ग्रेनपर्यंतची वेगवेगळी. एवढा संच विकत घेणे हा सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा खर्च आहे, आणि चार जणांनी मिळून घेतला तर तोही हलका होतो.

नॉकची, म्हणजे दोरीत बसणाऱ्या शेपटीच्या खाचेची, पकडही आधीच बघून ठेवा. बाण दोरीला लावून खाली लोंबू दिला तर तो धरून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली तर गळून पडला पाहिजे. याहून घट्ट नॉक असेल तर पुढची सगळी मापे बिघडतात.

आधी उभी दिशा ठरवायची. नॉकिंग पॉइंट शेल्फच्या काटकोनापेक्षा अर्धा ते पाच-अष्टमांश इंच वर बांधा; तिन्ही बोटे बाणाखाली धरणाऱ्यांना तो बहुधा आणखी वर लागतो. बाणाच्या खालीही दुसरी गाठ बांधली तर नॉक दोरीवरून घसरत नाही. दहा मीटरवर उभे राहून आधी पिसांचे बाण सोडा, मग बिनपिसांचे. बिनपिसांचे वर लागत असतील तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर सरकवा. खाली लागत असतील तर उलट. मात्र पॉइंट फारच खाली असेल तर बाणाची शेपूट शेल्फवर आपटून उसळते आणि वाचन फसवे होते. म्हणून सुरुवात थोडी वरून करून हळूहळू खाली येणे सोयीचे. उभी दिशा जुळेपर्यंत डावे-उजवे बघूच नका, कारण शेल्फवर आपटणारा बाण बाजूलाही फेकला जातो.

मग आडवी दिशा. पिसांच्या बाणांचा एक झुपका पडला आहे. बिनपिसांचे त्याच्या डावीकडे पडले तर शाफ्ट कडक, उजवीकडे पडले तर नरम. फोममध्ये बाण कोणत्या कोनात रुतला यावरून अंदाज बांधण्याची पुष्कळांना सवय असते. मी त्यावर फार भर देत नाही. टार्गेटचा फोम जुना, जागोजागी झिजलेला असतो आणि तो शाफ्ट स्वतःच वळवतो. बाण कुठे लागला ते बघा.

समजा हातात ३८ पौंड, शाफ्ट ६०० चा, पूर्ण ३१ इंच, टोक १२५ ग्रेन, आणि बिनपिसांचे बाण उजवीकडे वीतभर गेले. म्हणजे शाफ्ट नरम. इथेच हात करवतीकडे जातो. तो आवरा आणि आधी १०० ग्रेनचे टोक लावा. बाण डावीकडे, पिसांच्या झुपक्याजवळ सरकले तर तुमचे निदान बरोबर आहे. २५ ग्रेनचा फरक साधारण पाऊण-एक इंच लांबीच्या फरकाएवढा असतो. म्हणजे १०० च्या टोकाने बाण जुळत असेल, तर १२५ चेच टोक ठेवून पाऊण इंच कापल्यावर काय होईल याचा अंदाज न कापताच मिळाला. आता पुन्हा १२५ लावा, आधी एकच बिनपिसांचा शाफ्ट पाव इंचाने कापा, सोडून बघा, मग पुन्हा पाव इंच. तो झुपक्याला भिडत आला की थांबा. मागे सरून १५ आणि २० मीटरवर खात्री करा आणि मगच बाकीचे कापा.

बिनपिसांचे डावीकडे पडले तर काम सोपे आहे: टोक जड करा. १४५, १७५, हवे तर पितळी इन्सर्ट (टोक बसवायची शाफ्टमधली नळी). २०० ग्रेनपर्यंत जाऊनही बाण डावीकडेच राहिला तर शाफ्टच चुकीचा आहे, एक आकडा नरम घ्या. अगदी थोडा फरक उरला असेल तर शेल्फच्या बाजूच्या चामड्यानेही तो निघतो. ती पट्टी जाड केली की बाण मध्यापासून बाहेर सरकतो आणि कडक वागतो, पातळ केली की नरम. आगपेटीच्या काडीइतक्या जाडीचाही परिणाम दिसतो.

आता बेअर शाफ्ट खोटे बोलतो ते कधी. शाफ्ट अतिशय नरम असेल तर त्याची शेपूट मुठीवर आदळते आणि बाण डावीकडे फेकला जातो. दिसायला अगदी कडक शाफ्टसारखे. तुम्ही टोक जड करत जाता आणि गोष्ट बिघडतच जाते. ओळखायचे कसे? सुटताना टक असा आवाज येतो, शेल्फच्या चामड्यावर ओरखडे दिसतात. शंका असेल तर शेपटीकडच्या भागाला टाल्कम पावडर लावून बाण सोडा. घासला असेल तिथली पावडर पुसली जाते.

दुसरे खोटे आपल्या शरीराचे असते, आणि ते जास्त वेळा आढळते. दमल्यावर ड्रॉ अर्ध्या इंचाने आखडतो, धनुष्याचा जोर कमी होतो, बाण कडक दिसू लागतो. एका बाणाला बोटे सैल सुटली, दुसऱ्याला झटका बसला की बिनपिसांचे दोन बाण दोन दिशांना जातात. पिसांच्या बाणांचाच झुपका वीतभर पसरत असेल तर अजून जुळवणी करण्यात अर्थ नाही. आधी सराव हवा. जुळवणी ताज्या हाताने करा, मोजके बाण सोडा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. एखादा बदल पक्का करण्याआधी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पहिल्या दिवशीचा निकाल पुष्कळदा दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

ब्रेस हाइट शेवटी बघायची. दोरीला पीळ देत किंवा सोडत ती थोडी-थोडी बदला आणि कान द्या. सर्वात शांत सुटणारी उंची बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत असेल तर तीच ठेवा.

अंगठ्याने ओढणाऱ्यांसाठी

तुर्की, मंगोल, मांचू, कोरियन घाटाच्या धनुष्यांची आवड आपल्याकडेही वाढते आहे. मुघलकाळी हिंदुस्थानातही अंगठीने ओढायची हीच रीत होती. यात दोरी अंगठ्याने ओढतात आणि बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो. दोरी सुटताना घसरते तीही उलट बाजूला. म्हणून वर सांगितलेले सगळे डावे-उजवे इथे फिरवून घ्या: कडक बाण उजवीकडे, नरम डावीकडे. ही धनुष्ये मध्यापर्यंत कापलेली नसतात, म्हणून त्यांना शाफ्ट नरम लागतो. शिवाय बाण सोडताना मूठ किंचित बाजूला वळवायची सवय अनेक परंपरांत शिकवतात; त्या वळणाने बाणाला वाट मोकळी होते आणि जुळवणीत तेही मोजले जाते. ओढण्याची पद्धत बदलली की माणसाचे सगळे तंत्र बदलते हे महाभारतकारांनाही ठाऊक होते. आदिपर्वात अंगठा दिल्यानंतर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागतो, आणि त्याची पूर्वीची चपळाई उरत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

वजन आणि तोल

कार्बन हलका असतो, आणि हलका बाण वेगाने जातो म्हणून तो हवाहवासा वाटतो. पण धनुष्याचा जोर बाणाने उचलला नाही तर उरलेला झटका लिंब आणि मूठ सोसतात. म्हणून बाणाचे वजन धनुष्याच्या पौंडांच्या प्रमाणात बघतात. पारंपरिक धनुष्याला एका पौंडामागे ८ ते १० ग्रेन बाण असावा. बनवणाऱ्याने किमान आकडा दिला असेल तर त्याच्या खाली कधीही जाऊ नका.

वरचाच बाण घेऊ. शाफ्टचे वजन इंचाला ७ ग्रेन धरले तर ३० इंचांचे २१०, इन्सर्ट १२, नॉक ९, पिसे ९, टोक १२५. बेरीज ३६५ ग्रेन, म्हणजे साडेतेवीस ग्रॅमच्या थोडे वर. ३८ ने भागले की पौंडामागे साडेनऊ ग्रेन येतात. छान आहे.

तोल बघायला बाण बोटावर आडवा ठेवा. वरचा बाण नॉकच्या खाचेपासून साधारण २० इंचांवर तोलेल. शाफ्टचा मध्य १५ वर, म्हणजे तोल ५ इंच पुढे, आणि ५ भागिले ३० म्हणजे जवळजवळ १७ टक्के. पारंपरिक बाणाला १२ ते २० टक्क्यांच्या दरम्यान काहीही चालते. तोल पुढे असलेला बाण पिसांना सावरायला सोपा जातो, पण टक्केवारीसाठी स्पाइन बिघडवणे मला पटत नाही. ३० टक्क्यांचा आग्रह धरणारे बहुतेक लेखन परदेशी शिकाऱ्यांचे असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे; टार्गेटवर किंवा थ्री-डी (प्राण्यांच्या पुतळ्यांच्या) मैदानावर बाण सोडणाऱ्याला त्या आकड्याची गरज पडत नाही.

पिसे खरीच घ्या, टर्कीची. शेल्फवरून सुटणाऱ्या बाणाला प्लास्टिकचे वेन लावले की ते शेल्फवर आपटतात. पीस दबून पुढे जाते. चार किंवा पाच इंचांची तीन पिसे पुरतात. ती एका बाणावर सगळी डाव्या पंखाची किंवा सगळी उजव्या पंखाची हवीत, मिसळ नको. स्पर्धेत उतरणार असाल तर आपल्या गटाचा नियम आधी वाचा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या लाँगबो गटात बाण लाकडीच लागतात, तिथे कार्बन चालत नाही.

कापताना आणि नंतर

साध्या लोखंडी करवतीने कार्बन कापू नका, त्याचे धागे उसवतात. वेगाने फिरणारी अपघर्षक चकती लागते. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. ती धूळ फुप्फुसांना वाईट आहे आणि कातडीत रुतते. कापलेली कड बारीक सँडपेपरने सपाट करा, आतली धूळ स्पिरिटच्या कापसाने पुसा, मगच इन्सर्ट चिकटवा. हॉट मेल्ट (तापवून लावायचा गोंद) वापरत असाल तर आच इन्सर्टला द्या, शाफ्टला नको. जास्त उष्णतेने कार्बनला बांधून ठेवणारे इपॉक्सी कमजोर होते. आणि कितीही कापले तरी पूर्ण ओढल्यावर टोक मुठीच्या किमान एक इंच पुढे राहिले पाहिजे. शेल्फवरून आत पडलेला बाण हातात घुसतो.

कार्बन लाकडासारखा सांगून मोडत नाही. दगडाला घासलेला, दुसऱ्या बाणाची टक्कर बसलेला शाफ्ट वरून ठीक दिसतो आणि पुढच्या सोडीला दोरीवरच फुटू शकतो. त्याच्या सळया मनगटात शिरल्याच्या शस्त्रक्रियांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक वेळी टार्गेटमधून बाण काढला की तो कानाजवळ धरून दोन्ही हातांनी किंचित वाकवा, फिरवा, पुन्हा वाकवा. चरचर ऐकू आली किंवा बोटाला तडा लागला तर तो बाण तोडून टाका, म्हणजे चुकूनही कुणी उचलणार नाही.

बाण जुळले की शाफ्टचा आकडा, लांबी, टोक, इन्सर्ट, पिसे, ब्रेस हाइट आणि नॉकिंग पॉइंटची उंची एका जागी लिहून ठेवा. हे सगळे त्या एका धनुष्याचे आणि तुमच्या एका ड्रॉचे माप आहे. मित्राच्या धनुष्यावर ते चालेलच असे नाही. दोरी नव्या धाग्याची केली, सरावाने ड्रॉ अर्धा इंच वाढला, शेल्फचे चामडे झिजून बदलले, तर बिनपिसांचे दोन शाफ्ट पुन्हा दहा मीटरवरून सोडून बघा, आणि टोकांचा संच जवळ असू द्या.